लाँगहॉर्न दीड वर्ष वापरून: तीन मशीनच्या क्लस्टरला पुरतं का?

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो, रोजच्या सौद्यांच्या हिशेबपट्ट्या त्यातूनच निघतात, आणि हे सगळं ऑफिसातल्या तीन मशीनवर के-थ्री-एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती; कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीनच्या क्लस्टरवर सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था) टाकून चालतं. टीम म्हणाल तर आम्ही तिघं. त्यामुळे हा रिव्ह्यू मोठ्या कंपन्यांसाठी नाही, आमच्यासारखं छोटं क्लस्टर स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

लाँगहॉर्न म्हणजे अशा क्लस्टरचा डेटा अनेक मशीनवर कॉपी करून ठेवणारं स्टोरेज. आधी ते घ्यायची वेळ का आली ते सांगतो. एका सोमवारी सकाळी यार्डातून फोन आला, "दादा, शनिवारच्या पट्ट्या कुठं गेल्या ओ? सगळं कोरं दिसतंय, शेतकरी समोर बसलाय." मी डॅशबोर्ड उघडला तर सगळं हिरवं, पॉड (कुबरनेटिस चालवतं तो प्रोग्रॅमचा डबा) चालू, लॉगमध्ये एक एरर नाही. आणि टेबलं रिकामी. पोटात गोळा आला. झालं असं होतं की रविवारी रात्री मी अपडेटसाठी पहिलं मशीन रिबूट केलं, पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, पॉड उठून दुसऱ्या मशीनवर गेला, आणि आमचा व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) होता साधा होस्टपाथ, म्हणजे ज्या मशीनवर पॉड त्या मशीनवरचा फोल्डर. दुसऱ्या मशीनवर तो फोल्डर नव्हताच, तो नवीन तयार झाला, पोस्टग्रेसला रिकामी जागा दिसली म्हणून त्याने नवा कोरा डेटाबेस बनवला, आमच्या ॲपने सुरू होताना टेबलं बनवून दिली आणि दुकान सुरू! डेटा पहिल्या मशीनवर जसाच्या तसा होता म्हणून वाचलो, पण त्या सकाळी कोऱ्या डेटाबेसवर झालेल्या पट्ट्या परत हाताने भराव्या लागल्या. चूक पूर्ण माझी होती, होस्टपाथवर डेटाबेस ठेवायचाच नसतो.

के-थ्री-एससोबत येणारा लोकल-पाथ प्रोव्हिजनर (मशीनच्या डिस्कवरच जागा काढून देणारा भाग) यापेक्षा बरा आहे कारण तो पीव्हीला, म्हणजे पॉडला दिलेल्या जागेला, त्या मशीनशी बांधून ठेवतो, मशीन बंद पडलं तर पॉड पेंडिंगमध्ये लटकतो पण निदान कोरा डेटाबेस तरी बनत नाही. तरी मशीन गेलं की डेटाही त्याच्याबरोबर गेला. आम्हाला हवं होतं की पॉड कुठेही गेला तरी त्याचा डेटा त्याच्यामागे जावा.

लाँगहॉर्न मुळात रँचर लॅब्सचं, २०१९ मध्ये सीएनसीएफकडे (क्लाउडचे ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे) दिलं गेलं, १.० व्हर्जन २०२० मध्ये आलं. ओपन सोर्स आहे, लायसनचा पैसा नाही. रूक आणि सेफचाही (सेफ हे दुसरं स्टोरेज, रूक ते कुबरनेटिसवर चालवतं) विचार केला होता, ते जास्त ताकदीचं आहे यात वाद नाही, पण त्याला वेगळी कोरी डिस्क द्यावी लागते आणि सेफ बिघडला तर दुरुस्त करायला सेफ कळणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो नाही. लाँगहॉर्न मशीनवरच्या साध्या फाइलसिस्टिममध्येच एका फोल्डरात आपला डेटा ठेवतं, डिफॉल्टला प्रत्येक व्हॉल्यूमच्या तीन कॉपी वेगवेगळ्या मशीनवर, आणि प्रत्येक व्हॉल्यूमला स्वतःचं वेगळं इंजिन (त्या कॉपी सांभाळणारा प्रोग्रॅम) असतं, म्हणजे एक व्हॉल्यूम आजारी पडला तर बाकीच्यांना त्याची लागण होत नाही. मला हे डिझाइन फार आवडतं, कारण ते डोक्यात मावतं.

इन्स्टॉल हेल्मने (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) होतं, सोपं आहे, पण त्याआधी प्रत्येक मशीनवर ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडणारं सॉफ्टवेअर) पाहिजे आणि शेअर्ड व्हॉल्यूम वापरणार असाल तर एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायची पद्धत) क्लायंटही. १.७ पासून लाँगहॉर्नसीटीएल नावाचं टूल आलंय, ते आधीच तपासून काय कमी आहे ते सांगतं, ते चालवाच. मशीनवर मल्टिपाथ (एका डिस्कपर्यंतचे अनेक मार्ग सांभाळणारी लिनक्सची सेवा) चालू असेल तर ते लाँगहॉर्नची डिस्क मध्येच पकडून ठेवतं आणि माउंट होत नाही, कॉन्फिगमध्ये त्या डिस्क ब्लॅकलिस्ट कराव्या लागतात, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय पण लोक वाचत नाहीत. आणि के-थ्री-एसवर असाल तर लोकल-पाथ आणि लाँगहॉर्न दोन्ही स्टोरेजक्लास डिफॉल्ट होऊन बसतात, लोकल-पाथचं डिफॉल्ट काढून टाका, नाहीतर कुठला पीव्हीसी कुठे गेला ते नंतर शोधत बसाल.

पीव्हीसी म्हणजे आपली मागणी, मला वीस जीबी द्या म्हणून, आणि पीव्ही म्हणजे त्या मागणीवर हातात पडलेली जागा, स्टोरेजक्लास ठरवतो ती कोण देणार. एवढं कळलं की बाकी यॅमल (कुबरनेटिसची सेटिंगची फाइल) आपोआप जमतं. पहिल्यांदा पोस्टग्रेस लावताना मात्र एक अडचण सगळ्यांनाच येते: पॉड क्रॅश, लॉगमध्ये डिरेक्टरी रिकामी नाही अशी तक्रार. नव्या ईएक्सटी-फोर (लिनक्सची फाइलसिस्टिम) व्हॉल्यूममध्ये लॉस्ट-अँड-फाउंड नावाचा फोल्डर आधीपासून असतो, पोस्टग्रेसला तो चालत नाही. पीजीडेटा (पोस्टग्रेसने डेटा कुठे ठेवायचा ती सेटिंग) एक पायरी आत, सबफोल्डरमध्ये द्या, संपला विषय.

आता खरी परीक्षा. सगळं लावून झाल्यावर एका रविवारी मी एका मशीनची वायर सरळ काढली, ज्यावर पोस्टग्रेस चालू होतं त्याचीच. मिनिटाच्या आत नोड, म्हणजे ते मशीन, नॉट-रेडी दिसला. मग वाट बघत बसलो. पाच मिनिटांनी पॉड टर्मिनेटिंगमध्ये गेला आणि तिथेच अडकला, नवीन पॉड येईना. हे लाँगहॉर्नचं बिघडलेपण नाही, स्टेटफुलसेटचा (डेटाबेससारखे स्वतःचा डेटा असलेले पॉड चालवायचा प्रकार) जुना पॉड खरंच मेलाय की नुसता नेटवर्कवरून तुटलाय हे कुबरनेटिसला कळत नाही म्हणून तो दुसरा पॉड उभाच करत नाही, दोन पोस्टग्रेस एकाच डेटावर लिहायला लागले तर काय होईल याचा विचार करा. लाँगहॉर्नमध्ये यासाठी सेटिंग आहे, नोड डाउन असताना पॉड डिलीट करायची पॉलिसी, पण ती डिफॉल्टला काहीच करत नाही अशी असते. मी ती स्टेटफुलसेट आणि डेप्लॉयमेंट (साधे पॉड चालवायचा प्रकार) दोन्हींसाठी चालू केली, पुन्हा वायर काढली, आणि यावेळी थोड्या वेळाने पॉड दुसऱ्या मशीनवर उभा राहिला, डेटासकट. शनिवारच्या पट्ट्या जागेवर! तो क्षण मी विसरणार नाही.

त्या काळात व्हॉल्यूम डिग्रेडेड दाखवतं, तीनपैकी दोन कॉपी. आपल्याकडे मशीनच तीन असल्यामुळे तिसरी कॉपी ठेवायला जागा नसते, मशीन परत आलं की जुन्या कॉपीत उरलेलं वापरून ती पुन्हा पूर्ण होते. हे सगळं त्यांच्या स्क्रीनवर दिसतं, कुठली कॉपी कुठे, किती टक्के झाली. आमच्या टीममधली नवीन मुलगीसुद्धा ते बघून सांगू शकते की काय चाललंय, आणि मला हीच या प्रॉडक्टची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. फक्त त्या स्क्रीनला स्वतःचं लॉगिन नसतं, इनग्रेसवर (क्लस्टरमध्ये बाहेरून यायच्या दारावर) पासवर्ड लावल्याशिवाय ती बाहेर उघडू नका, तिथून व्हॉल्यूम डिलीट होतात.

स्पीडबद्दल खरं सांगायचं तर लोकल डिस्कसारखा मिळणार नाही. प्रत्येक राइट सगळ्या कॉपींपर्यंत पोचल्यावरच पूर्ण होते, म्हणजे ती नेटवर्कवरून जाणारच, आणि आमचं नेटवर्क एक गिगाबिटचं. ते स्वतः दहा गिगाबिट आणि एसएसडी सुचवतात. आमचं काम पट्ट्या, पावत्या असलं हलकं आहे म्हणून चालून जातं, मोठं डेटा इम्पोर्ट रात्री लावतो. डिफॉल्टला प्रत्येक मशीनच्या सीपीयूचा १२ टक्के भाग इन्स्टन्स मॅनेजरसाठी (इंजिन आणि कॉपी चालवणारा पॉड) राखून ठेवतं, छोट्या मशीनवर ते जाणवतं.

जागेचा हिशेब वेगळाच असतो. वीस जीबीचा व्हॉल्यूम तीन कॉपींसकट साठपर्यंत जाऊ शकतो, वर स्नॅपशॉटची (त्या-त्या क्षणी व्हॉल्यूम जसा होता त्याची नोंद) जागा वेगळी. आणि आतल्या फाइल्स डिलीट केल्या म्हणून व्हॉल्यूमने घेतलेली जागा आपोआप परत मिळत नाही, ट्रिम करावं लागतं, ते १.४ पासून आलंय. चालू व्हॉल्यूम मोठा करणंही त्याच व्हर्जनपासून जमतं. लहान मात्र कधीच करता येत नाही, म्हणून सुरुवात छोट्यापासून करा. स्टोरेजक्लासचं रिक्लेम डिफॉल्टला डिलीट असतं, पीव्हीसी उडाला की डेटाही उडाला, डेटाबेससाठी मी रिटेन (डेटा राहू द्या) लावलेला वेगळा क्लास केलाय.

पट्ट्यांच्या पीडीएफसाठी शेअर्ड व्हॉल्यूम वापरतो, अनेक पॉड एकदम वाचू-लिहू शकतात असा. त्यामागे लाँगहॉर्न एक एनएफएस सर्व्हरचा पॉड चालवतं. फाइल्ससाठी ठीक आहे, डेटाबेस त्यावर ठेवू नका.

अजून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तीन कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. आमची तिन्ही मशीन एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आहेत, वीज गेली, पाणी शिरलं तर तिन्ही एकदम जातील, आणि कुणी चुकून टेबल उडवलं तर ते तिन्ही कॉप्यांमधून त्याच क्षणी उडतं. स्नॅपशॉटही क्लस्टरच्या आतच असतात. लाँगहॉर्न बॅकअप बाहेर एस-थ्रीला (अमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) किंवा एनएफएसवर पाठवतं, दोन एमबीचे ब्लॉक करून फक्त बदललेलेच पाठवतं त्यामुळे रोजचा बॅकअप लवकर होतो, आणि शेड्यूल स्क्रीनवरूनच लावता येतं. तरी मी रात्री पीजी-डंपही (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टूलने काढलेली डेटाची प्रत) घेतो, कारण व्हॉल्यूमचा बॅकअप म्हणजे चालत्या मशीनची वीज गेल्यावर डिस्क जशी असेल तशी, त्यातून पोस्टग्रेस सावरतं, पण मला दोन दोर हवेत.

अपग्रेड करताना मधली मायनर व्हर्जन गाळता येत नाहीत, एकेक पायरीने जा, आणि मागे परत येता येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो डिफॉल्ट सेटिंगांसाठी, नवीन माणसाला नोड डाउनची पॉलिसी आणि रिटेन या दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. तीन ते पाच मशीन, हलकं-मध्यम काम, छोटी टीम असेल तर डोळे झाकून घ्या. जड डेटाबेस असेल तर लोकल डिस्क आणि डेटाबेसचं स्वतःचं रेप्लिकेशन बघा.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, यार्ड बंद झाल्यावर, मी बॅकअपमधून नवा व्हॉल्यूम उभा करतो, त्यावर वेगळं पोस्टग्रेस चालवतो आणि आदल्या आठवड्यातली एखादी पट्टी नंबर टाकून उघडतो. या महिन्यात हळदीची एक काढली, तोलाई, हमाली, अडत सगळं वजा होऊन आलेली रक्कम पैशापर्यंत जुळली.