बेळगावची सीट विकली, कोल्हापुरात उतरवलं

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठी कॉन्सर्ट जाहीर झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘परतीची स्पेशल गाडी’ फिरू लागते. पोस्टरवर झगमगतं स्टेज आणि खाली ‘स्टेडियम ते बेळगाव, सकाळी ऑफिसला हजर’. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला तिथं कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्यातल्या रविवारच्या रात्रीसाठी आम्ही अशाच गाडीच्या सीटा घेतल्या. आम्ही म्हणजे मी, माझी मावसबहीण आणि तिच्या बँकेतल्या मैत्रिणी. तेच पोस्टर नव्या नंबरावरून परत आलंय, म्हणून झालेलं सगळं लिहून काढते.

हा धंदा चालतो तो वेळेच्या फटीवर. उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करायचे असतात, त्यामुळे कार्यक्रम दहाच्या सुमारास संपतो आणि हजारोंची गर्दी एकदम रस्त्यावर येते. दादरहून बेळगावमार्गे दक्षिणेत जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या रात्री दहाच्या आधी सुटतात, म्हणजे शेवटचं गाणं व्हायच्या आधीच त्या गेलेल्या. बोरिवली-सायनहून निघणाऱ्या बेळगावच्या खासगी स्लीपरही तुम्ही गेटबाहेर येईपर्यंत घाटाला लागलेल्या असतात. सोमवारी कामावर जायचंय अशा बेळगावकराला त्या रात्री सरळ घरी नेणारं काही उरत नाही. पोस्टरवाल्यानं हे बरोबर हेरलंय. तो काही अडाणी भामटा नव्हे, त्याला वेळापत्रक आपल्यापेक्षा पाठ आहे.

फोनवर बोलणं अगदी बेळगावातल्या शहापूर-वडगावचं. “ताई, आपल्याच लोकांसाठी करालोय ओ. मुंबईवाले आपल्याला कुठं विचारतात?” सीटेला १,६०० रुपये, त्या गर्दीच्या आठवड्यात अवाजवी न वाटणारे. त्यानं सीटप्लॅनचा फोटो पाठवला, आमच्या चौकटी गुलाबी करून. लेडीजच्या शेजारी लेडीज. खिडकीकडची पाहिजे का, उलटी होणारं कोणी आहे का, हेही विचारलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर ट्रॅव्हल्सचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. बहिणीनं तसं विचारल्यावर उत्तर तयार होतं : “ते मॅनेजरचं अकाउंट, ट्रॅव्हल्सचं लिमिट संपलंय आजचं.” मग तिकीट आलं. म्हणजे तिकिटाचं चित्र आलं. लोगो, पीएनआर, आमची नावं बिनचूक. ऑफिसचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, गाडीचा नंबर नाही. “गाडी नंबर त्या दिवशी दुपारी येईल, सगळेच असंच करतात.” यातलं शेवटचं खरंही आहे, बऱ्याच चांगल्या ट्रॅव्हल्सही गाडीचा नंबर ऐन दिवशीच कळवतात. खोट्यात थोडं खरं मिसळलेलं असतं म्हणून तर ते खपतं.

नंबर आला. कार्यक्रम झाला, तो छानच झाला, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

पिकअप होता सायन-पनवेल हायवेवर, एलपी जंक्शनच्या पुलाखाली. तिथं पोचलो तर फोन : “पोलिसांनी गाडी थांबू दिली नाही, उरण फाट्याला या.” त्या रात्री वाहतुकीवर बंधनं होतीच, त्यामुळे पटण्यासारखं. उरण फाट्याला गेलो तर “कळंबोलीला या, मॅकडोनाल्डच्या समोर, तिथं सगळ्यांना एकत्र घेतोय.” दर वेळी रिक्षा वेगळी, दर वेळी भाव रात्रीचा. या पळापळीमागचं कारण नंतर उमगलं. तीन जागा हिंडून दमलेलं माणूस समोर जे उभं असेल त्यात बसतं. शिवाय उरण फाट्याला पोचलेली व्यक्ती नेरूळ स्टेशनपासून लांब गेलेली असते, तिला परत जाऊन पनवेलची लोकल पकडायची हिंमत होत नाही.

कळंबोलीला स्लीपर नव्हती. एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती आणि यादी हातात घेतलेला एक पोरगा. “मोठी गाडी पुण्यात लागलीय. ही तिथपर्यंत. बसा लवकर, आरटीओ येतंय.” सीटेमागे ३०० रुपये रोख, ‘टोल आणि घाटाचे’. गाडीची पाटी मात्र मी पाहिली. पांढरी पाटी, काळी अक्षरं. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला पिवळी पाटी लागते. पांढरी म्हणजे खासगी मालकीची, तिला प्रवासी भाडं घ्यायची परवानगीच नसते. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच दाखवते. मध्यरात्र उलटलेली, आम्ही बायकाच बायका, आणि हायवेवर दुसरं काही थांबेना. बसलो.

पुण्यात कुठलीही मोठी गाडी लागलेली नव्हती. तोच ट्रॅव्हलर तसाच पुढं निघाला, सातारा, कराड, पेठनाका. उजाडायच्या आधी कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेऊन ड्रायव्हर म्हणाला, “उतरा, आलं.”

“बेळगाव आलं?”

“बेळगाव कुठलं? गाडीला कर्नाटकाचं परमिट न्हाई. सीमेवर कोगनोळीला धरतात.”

आरडाओरडा झाला तेव्हा त्यानं स्वतःचा मोबाइलच बहिणीपुढं धरला. मेसेज आला होता त्याच नंबरावरून, जिथं आम्ही पैसे भरले होते : ‘१२ लेडीज जेंट्स. कळंबोली ते तावडे हॉटेल. रोख तू घे.’ तावडे हॉटेल. बेळगावचं नावच नाही त्यात. म्हणजे आमच्याकडून बेळगावचे पैसे घेताना त्यानं भाडं ठरवलं होतं कोल्हापूरपर्यंतचं, पहिल्यापासून. ड्रायव्हरला बिचाऱ्याला कागलच्या पुढं सीमा पार करायचीय हे माहीतच नव्हतं. परमिटची गोष्ट मात्र त्यानंही चढवूनच सांगितली. पांढऱ्या पाटीला कर्नाटकाचंच काय, महाराष्ट्राचंही परमिट नसतं.

आपल्याकडे ही सबब खपते हे लक्षात घ्या. सीमेवर कधी बस अडवल्या, कधी दोन्हीकडच्या एसटी हद्दीवरच थांबल्या, हे आपण लहानपणापासून बघतोय. ‘पुढं कर्नाटकात जात नाही’ म्हटलं की सीमाभागातला माणूस मान खाली घालून पिशवी उचलतो. आमच्याबरोबरच्या निम्म्या लोकांनी तेच केलं.

पुढचा प्रवास सरकारी गाड्यांनी झाला आणि तो सरळ झाला. कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवर, निपाणीची एसटी मिळाली. बायकांना महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट, पुढं पूर्ण. निपाणीत कर्नाटकाच्या बसमध्ये आधार कार्ड दाखवलं आणि बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेचं झिरो तिकीट. रात्रीच्या १,९०० रुपयांनी जे झालं नाही ते सकाळी किरकोळ पैशांत झालं. बेळगाव स्टँडवर उतरले तेव्हा ऑफिस केव्हाच सुरू झालेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला, हे विशेष. माफी मागितली, “गाडी फेल झाली ओ ताई, अर्धे पैसे परत देतो,” आणि क्यूआर पाठवला. तो स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका. आमच्यातल्या एकीनं टाकला, तिचे आणखी गेले. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन म्हणजे पैसे जाणार, एवढंच त्याचं काम. हा दुसरा फेरा पहिल्याइतकाच ठरवलेला असतो, कारण चिडलेल्या माणसाला आपले पैसे परत हवेच असतात.

तक्रारीचं सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन जितका लवकर कराल तितकं बरं, कारण पैसे समोरच्या खात्यात पडून असतील तरच ते गोठवता येतात. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे पेमेंटचा नोंद क्रमांक, हाताशी ठेवा, आमचा पहिला फोन तो शोधण्यातच गेला. ज्या एकीचे क्यूआरमधून गेले होते तिनं लगेच केला, तिच्या रकमेतला काही भाग रोखला गेला. आमचं उत्तर वेगळं आलं : तुम्हाला गाडी तर मिळाली ना? इथं खरी मेख आहे. अर्धा रस्ता नेलेल्या माणसाला फसवणूक सिद्ध करायला जास्त बोलावं लागतं. ड्रायव्हरच्या मोबाइलवरच्या त्या मेसेजचा फोटो बहिणीनं काढून ठेवला होता, त्यावर आमचा अर्ज उभा राहिला. पोलिस ‘घटना कळंबोलीची, तिकडं जा’ म्हणाले तर ऐकून परतू नका. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंद घेता येते. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांच्या आत फी नाही; पण तिथं समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि आमच्या तिकिटावर नेमका तोच नव्हता.

त्या दुपारी आलेला गाडीचा नंबर मी नंतर वाहनांची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एम-परिवहन ॲपवर घालून बघितला. वाहनाचा वर्ग : मोटरसायकल.

ज्यांना अशा कार्यक्रमाला जायचंय त्यांनी रात्रीचा हट्ट सोडलेला बरा. नेरूळहून हार्बरची लोकल पकडून पनवेल गाठता येतं, तिथून पुण्याकडच्या एसटी मिळतात, आणि स्वारगेटहून कोल्हापूरला रात्रभर गाड्या असतात. सुट्टी काढता आली तर पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस बेळगावला थांबते. स्पेशल गाडीच घ्यायची तर पैसे देण्याआधी गाडीचा नंबर मागा, ॲपवर बघा, आणि ट्रॅव्हल्सच्या बेळगावातल्या खऱ्या ऑफिसात जाऊन पावती घ्या. ज्याचं ऑफिस नाही त्याची गाडीही नसते.

त्या ट्रॅव्हलरमध्ये असलेल्या बाकीच्यांसाठी : प्रत्येकानं आपली तक्रार वेगळी द्या, एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या की ते खातं लवकर नजरेत येतं. मेसेजचा फोटो हवा असेल तर मागा, पाठवते.