परसातले तळे आणि शेजारचा शोषखड्डा : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुळे सोलापूरच्या पलीकडे, ड्रेनेज लाइन अद्याप न पोहोचलेल्या आमच्या वसाहतीत प्रत्येक घरामागे सेप्टिक टाकी आणि तिचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा आहे. माझ्या परसात १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि ४ फूट खोल असे तळे असून छतावरचे पावसाचे पाणी त्यात उतरते. नळाला रोज पाणी नसलेल्या या शहरात ते साठलेले पाणी मला फार मोलाचे वाटते. शेजारच्या काकांचा शोषखड्डा मात्र तळ्यापासून जेमतेम २२ फुटांवर, तोही चढाच्या बाजूला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून असा खड्डा किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ५९ फूट दूर असावा लागतो. आम्ही तळ्याचे पाणी पीत नाही, पण नातवंडे त्यात हात घालतात आणि तेच पाणी भाजीच्या वाफ्यांना जाते.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पाण्यावर शेवाळाचा जाड थर आला आणि पहाटे गप्पी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले. खड्ड्यातले पाणी तळ्यात झिरपते का हे पाहण्यासाठी काकांच्या संमतीने त्यांच्या संडासात फ्लुरेसिन हा हिरवा चमकणारा रंग ओतला. पाचव्या दिवशी तळ्याच्या चढाकडील काठावर तीच झाक दिसली. पाणी भरून ठेवलेली हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी एका दिवसात काळी पडली. ही चाचणी जिवाणूंचे प्रमाण सांगत नाही, केवळ मैल्याच्या संसर्गाची शंका दाखवते. परंतु मला तेवढे पुरेसे होते.

यंदा गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीत, तळे रिकामे करून ५०० मायक्रॉनचा, शेततळ्यासाठी वापरतात तसा एचडीपीई म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. खालचे टोकदार दगड वेचून वाळूचा थर दिला आणि कडा फूटभर चरात गाडल्या. उन्हाळाभर पाणी स्वच्छ राहिले, त्यामुळे काम फत्ते झाले असे मी मानून बसलो. तो समज चुकीचा होता. सप्टेंबरच्या जोराच्या पावसात कागद मधोमध फुगून वर आला, कारण खालच्या मुरमातून झिरपणारे पाणी त्याला तळातून उचलत होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या सरींचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते. पुढे ती फुगून घट्ट झाली की पाणी फार सावकाश मुरते, शोषखड्डा तुडुंब भरतो आणि सांडपाणी जमिनीवर येते. आमच्याकडे ते काठावरून तळ्यातही शिरले. कागद जमिनीवरून वाहत येणाऱ्या पाण्याला अडवू शकत नाही, हे तेव्हा कळले.

ऑक्टोबरमध्ये खड्डा आणि तळे यांच्या मधोमध २० फूट लांब, दीड फूट रुंद आणि ५ फूट खोल चर खणला. तळाशी छिद्रांचा चार इंची पाइप, भोवती जिओटेक्स्टाइल म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड, वर सव्वा ब्रास खडी आणि शेवटचा फूटभर माती अशी त्याची रचना आहे. तळ्याचा काठही नऊ इंचांनी उचलला. चरात अडलेले पाणी घाणच असते, म्हणून ते उघड्या गटारात न सोडता उताराकडील, खाली कागद घातलेल्या कर्दळीच्या वाफ्यात सोडले आहे. जोराच्या पावसात हा वाफा भरून वाहतो. ही उणीव अजून सुटलेली नाही, आणि वाफा दुप्पट करण्याशिवाय मला दुसरा मार्ग दिसत नाही.

सर्वांत मोठा फरक मात्र या खर्चामुळे पडला नाही. काकांची टाकी नऊ वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती. दोन-तीन वर्षांनी ती उपसणे अपेक्षित असते. टाकीत गाळ साचला की पाणी तिथे पुरेसे थांबत नाही, गाळासकट शोषखड्ड्यात जाते आणि त्याच्या भिंतींची छिद्रे बुजतात. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही निम्मा-निम्मा खर्च करून मैला उपसणारी गाडी बोलावली, आणि त्यानंतरच्या अवकाळी पावसात खड्डा वर आला नाही. हे काम मी सर्वांत आधी करायला हवे होते. शिवाय सांडपाण्यातले नायट्रेट, म्हणजे शेवाळाला पोसणारा क्षार, मातीत अडकून न राहता पाण्याबरोबर वाहत जाते, त्यामुळे टाकी दुरुस्त झाली तरी चर आणि कागद लागतातच. केवळ त्यांचा क्रम नंतरचा आहे.

आता दर महिन्याला दोन कुप्या भरतो, एक तळ्याची आणि एक चराच्या तोंडाची. नोव्हेंबरात चराची कुपी दुसऱ्या दिवशी काळी पडली, तळ्याची तीन दिवसांनीही स्वच्छ होती. डिसेंबरात तळ्याची कुपी पुन्हा काळवंडली; त्या आठवड्यात बगळे काठावर मुक्कामाला होते आणि पक्ष्यांच्या विष्ठेनेही असा निकाल येतो, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती स्वच्छ निघाली. कागदाची उन्हात उघडी राहिलेली कड कडक होऊ लागली आहे. मार्चच्या उन्हाआधी तिच्यावर शहाबादी फरशा बसवायच्या आहेत.