नको म्हणजे नको: जर्मनीतल्या दोन घरांत अकरा महिने

परत येऊन पाच महिने झाले. विमानातून उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर सगळंच 'भारी' निघालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता बॅग माळ्यावर गेली आहे, जर्मन शब्द एकेक करून निसटायला लागलेत आणि अकरावीच्या वर्गात माझ्याहून वर्षाने लहान पोरांबरोबर बसून मी फिजिक्सची गणितं सोडवते आहे. हिशेब मांडायला हीच वेळ बरी.

मी कराडची. 2024 ला दहावी झाले आणि एका विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून ऑगस्ट 2024 ते जुलै 2025 उत्तर जर्मनीत, ऑस्टफ्रीसलांड भागातल्या लेअर या गावी राहिले. कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्याच लोकांनी माझ्यासाठी धावपळही पुष्कळ केली. आमची पद्धत अशी: राहायला तिथलं कुटुंब, शिकायला तिथली शाळा, वर्षाच्या मध्यात घर बदलायचं, आणि ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. हे शेवटचं मला तिथे गेल्यावर नीट उमजलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात पाहुणी असल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायचे.

लेअर म्हणजे बर्लिन-म्युनिक नव्हे. नेदरलँड्सच्या हद्दीजवळचं, साधारण 35,000 वस्तीचं गाव. लेडा नदी तिथे एम्सला मिळते. प्रीतिसंगमावर वाढलेल्या मुलीला संगमाचंच गाव मिळालं म्हणून आजी खूश होती. पण आगाशिवचा डोंगर रोज बघायची सवय असलेल्या डोळ्यांना तिथे टेकायला जागाच नाही. सगळं सपाट. नजरेत भरेल असा उंचवटा म्हणजे नदीकाठचा बांध, आणि त्याच्यावर चरणाऱ्या मेंढ्या. पहिल्या आठवड्यात मला घरच्यांपेक्षा डोंगराची आठवण जास्त आली, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

भाषेचं म्हणाल तर ऑनलाइन क्लास लावून जर्मनच्या ए-2 या सुरुवातीच्या पातळीपर्यंत गेले होते. 'गुटन टाग' हा नमस्कार घोकून घोकून पाठ. तिथे ते कुणी म्हणतच नाही. सकाळी 'मॉइन', दुपारी 'मॉइन', रात्री कुत्रं फिरवताना भेटले तरी 'मॉइन'. बायका आपापसात बोलायच्या ती प्लाट बोली तर क्लासमध्ये कुणी ऐकवलीही नव्हती. ए-2 वर विसंबून जाणाऱ्यांनी पहिले तीन महिने डोकं दुखणार हे धरून चालावं. डिसेंबरात एक दिवस बसमध्ये मागच्या बाकावरचं भांडण मला आपोआप समजलं, तेव्हा कुठे सुटल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे जेवणाचं.

पहिल्या घरात संध्याकाळी सहाला जेवण. गरम काही नाही. छोट्या लाकडी पाटीवर पाव, लोणी, चीज, काकडीच्या चकत्या, मुळा. प्रत्येकाने आपापलं लावून घ्यायचं. पहिल्या संध्याकाळी त्या घरच्या आईने विचारलं, "अजून पाव हवा?" मी आपलं रीतीप्रमाणे "नको" म्हटलं. आपल्याकडे पहिला नको हा नको नसतोच. समोरच्याने "असं कसं, अर्धा तरी घे" म्हणायचं, आपण हात आडवा धरायचा, त्याने तो हात बाजूला सारून वाढायचं. मी हात आडवा धरायच्या तयारीत बसले होते. तिने "बरं" म्हटलं आणि पावाची टोपली उचलून आत नेली.

असं तीन आठवडे चाललं. रात्री खोलीत बसून मी आईने दिलेले पार्ले-जी खायचे. वेष्टनं टेबलाखालच्या कागदाच्या डब्यात टाकायचे, आणि तिथेच पकडले गेले. तिकडे कचऱ्याचं शास्त्र आपल्या सोवळ्याहून कडक: कागद वेगळा, ओला वेगळा, प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्यात, बाटल्या दुकानात परत करून 25 सेंट घ्यायचे. कागदाच्या डब्यात बिस्किटांची चौदा वेष्टनं बघून ती खोलीत आली. मला वाटलं, आता कचऱ्यावरून ऐकावं लागणार. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "तू माझ्या घरात उपाशी झोपतेस का?"

मोडक्या जर्मनमध्ये तिला आग्रह म्हणजे काय ते सांगताना मला घाम फुटला. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "मग तुमच्याकडे खरंच पोट भरलेल्या माणसाने काय करायचं?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खरं म्हणजे तो माणूस खातो आणि मग ओवा घेतो. पण दुसऱ्या दिवसापासून मी "हो" म्हणायला लागले. हो म्हणणं मला नकोपेक्षा अवघड गेलं. दुसऱ्याच्या घरात तोंडाने मागून घ्यायचं म्हणजे हावरटपणा, हे अंगात मुरलेलं.

आणि गंमत अशी की जेवताना एकदाही आग्रह न करणारी ही माणसं चहाला बसली की पूर्ण उलटी होतात. ऑस्टफ्रीसलांडमध्ये माणशी वर्षाला सुमारे 300 लिटर चहा पितात. 2016 मध्ये या चहाच्या रीतीला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. चहा बहुतांशी आपल्या आसामचा, पण करायची तऱ्हा त्यांची. पातळ चिनीमातीच्या कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा टाकतात, त्याला क्लुंट्ये म्हणतात. त्यावर कडक गरम चहा ओतला की खडा तडतडतो आणि सगळे क्षणभर गप्प होऊन तो आवाज ऐकतात. मग छोट्या चमच्याने कडेने साय सोडायची. ती तळाशी जाऊन ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही! मी ढवळलं तेव्हा त्या घरच्या आजीने कुणी देवाला पाय लावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. न ढवळता प्यायलं की आधी सायीची चव, मग कडू चहा, आणि शेवटी तळातली साखर.

कप संपला की यजमान विचारत नाहीत, सरळ भरतात. तीन कप हा तर त्यांचा हक्कच. तीन झाले, चौथा आला. मी "नको" म्हटलं, आजीने ऐकलं न ऐकलं केलं आणि पाचवा ओतला. सहावा. सातव्याला मी हवालदिल होऊन त्या घरच्या मुलीकडे पाहिलं तेव्हा ती हसत म्हणाली, "अगं, चमचा कपात ठेव." कपात चमचा ठेवला की पुरे, हीच त्यांची खूण. तोंडाने कितीही सांगा, चमचा बशीत आहे तोवर चहा येतच राहणार. त्या आजीशी माझं नातं त्या दिवशी जुळलं. आमच्या आत्याच्या सासूबाईच जणू, फक्त डोळे निळे.

दिवाळीचं थोडक्यात सांगते. 31 ऑक्टोबरला तिथे रिफॉर्मेशन डे या ख्रिस्ती सणाची सुट्टी आणि 2024 ला नरक चतुर्दशी नेमकी त्याच दिवशी. सूर्योदयच साडेसातच्या सुमारास, त्यामुळे साडेसहाला उठूनही पहिली आंघोळ पदरात पडली. तेल लावून शॉवरखाली गेले आणि बाथटबमध्ये घसरले, पण कारीट फोडायच्या जागी चेरी टोमॅटो फोडून घेतला. दुपारी तुर्की दुकानातून आणलेल्या बेसनाचं पिठलं टाकलं. मोहरी तडतडली आणि बाहेरच्या बोळातला धुराचा अलार्म कोकलायला लागला. घरच्या बाबांनी शिडी आणून तो बंद केला. पुढच्या वेळी मी कढई काढली की ते न सांगता शिडी घेऊन उभे.

शाळेबद्दल मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी सांगण्यासारखं आहे. पाहुण्या विद्यार्थिनीकडून फारशी अपेक्षा नसते आणि परीक्षेच्या दिवशी शिक्षक कौतुकाने "तू वाचत बस" म्हणतात. ते कौतुक दोन महिन्यांत टोचायला लागतं. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी वाटली: तोंडी सहभागाला तिथे मोठं वजन आहे. बऱ्याच विषयांत निम्म्याच्या आसपास गुण वर्गात हात वर करून बोलण्याचे. फेब्रुवारी 2025 मध्ये संसदेची निवडणूक होती तेव्हा पोरं बाईंसमोर कडाकडा भांडायची आणि बाई आपलं मत काही सांगायच्या नाहीत. माझी हात वर करायची सवय अजून गेलेली नाही. इथे सर म्हणतात, "डाउट शेवटी."

जानेवारीत घर बदललं, आणि हा माझ्या अनुभवातला सर्वांत कच्चा भाग. दुसरं घर गावाबाहेर, दुधाच्या गाईंचा गोठा असलेलं. माणसं सज्जन, पण माझ्या अर्जात ठळक लिहिलेलं 'शाकाहारी' त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पहिल्या रात्री हौसेने केलेला हिवाळी बेत पुढे आला: केल नावाची हिरवी भाजी, तीत शिजवलेलं डुकराचं मांस आणि पिंकेल नावाचं सॉसेज. "मांस बाजूला काढून भाजी खा" हा त्यांचा प्रामाणिक तोडगा. पूर्वीची मी ती भाजी गिळली असती. या वेळी मी सरळ सांगितलं की हे मी खाऊ शकत नाही, मी अंडं खाते, उद्यापासून आठवड्यातले दोन दिवस मी रांधेन. टेबलावर शांतता. मग त्या घरच्या आजोबांनी विचारलं, "मासे तर खातेस ना?" त्या भागात मासा म्हणजे जवळपास भाजीच.

अर्जातली माहिती पुढच्या घराला कुणी कळवायची, याचं उत्तर कार्यक्रमातल्या तिघांनी तीन प्रकारे दिलं. जाणाऱ्यांनी हे स्वतःच करावं: घर बदलण्याआधी त्यांना फोन करायचा आणि काय खात नाही ते सांगून टाकायचं. पत्ता बदलला की पत्त्याची सरकारी नोंदणीही दोन आठवड्यांत बदलावी लागते, ते काम सोबत जाऊन कोण करणार हेही आधी विचारून ठेवा.

हिवाळा भयंकर. बर्फासाठी नव्हे, बर्फ नाहीच फारसा, अंधारासाठी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सायकलवरून शाळेत जाताना अंधार, चार-सव्वाचारला परत अंधार. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागे घेतली की भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. आईचा फोन तिच्या झोपेच्या वेळेआधी यायचा, म्हणजे नेमका आमच्या सहाच्या जेवणात. मी रोज ताट सोडून उठायचे. दुसऱ्या घरच्या आईने महिनाभर सहन केलं आणि मग म्हणाली, "तू इथे राहतेस की फोनमध्ये?" मला तिचा राग आला. आता वाटतं, तिचं बरोबर होतं, पण बोलण्याची तऱ्हा चुकली. आठवड्यातून दोन फोन ठरवल्यावर आई आठवडाभर रुसली होती.

फिरणं पुष्कळ झालं. महिनाभर चालणारं डॉइचलांड-टिकेट आधी 49 युरोला होतं, जानेवारी 2025 पासून 58 झालं. त्यावर लोकल गाड्या आणि बस कितीही. नॉर्डडाइशला ओहोटीच्या वेळी समुद्राच्या तळावरून, गुडघाभर चिखलातून वाटाड्याबरोबर चालले. कोकणात ओहोटी बघितली होती, पण समुद्र इतका लांब गेलेला कधी नाही. मनात राहिलं ते मात्र फुकटातलं. वरच्या अंगाला पापेनबुर्गला मोठ्या प्रवासी जहाजांचा कारखाना आहे, तिथून तयार जहाज अरुंद एम्समधून समुद्राकडे नेतात, तेही उलटं, मागची बाजू पुढे करून. खाली धरणासारखा अडसर लावून नदीचं पाणी चढवतात. आम्ही थर्मास घेऊन बांधावर उभे होतो. पाणी दिसतच नव्हतं. गवत, गाई, आणि त्यांच्यामागून दिवे लावलेली कित्येक मजल्यांची इमारत सावकाश सरकत चाललेली. आजोबांनी आयुष्यात किती जहाजं पाहिली असतील, तरी टोपी काढून उभे होते.

पैशांबद्दल घरोघरचं गणित वेगळं, आकडे देत नाही. तिकीट, विमा, व्हिसा हे सगळे धरतात. राहून जातात ते हिवाळी बूट, शाळेच्या सहली आणि दोन्ही घरांतल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाची भेट.

आणि वर्ष जातं. हे कुणी गोड करून सांगत असेल तर ऐकू नका. मी दहावीनंतर गेले, म्हणजे अकरावी पुढे ढकलली. त्यात 2025 पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले, कराडलाही. मे महिन्यात बाबा फॉर्म भरायला बसले तर ओटीपी माझ्या भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम लेअरला माझ्या कंपासपेटीत, रोमिंग नसलेलं. दोन दिवस नुसता गोंधळ. जाताना सिम घरी ठेवून जा, एवढा एक सल्ला तरी घ्याच. प्रवेश मिळाला, पण मैत्रिणी बारावीत आहेत आणि डब्याला मी एकटी पडते. ज्याला जेईई-नीटची घाई आहे त्याने या वाटेला जाऊ नये. तीन-चार आठवड्यांचे उन्हाळी कार्यक्रम असतात, ते बघावेत. बाकीच्यांनी जावं. मी पुन्हा जाईन का? पहिल्या घरी उद्या. दुसऱ्या घरी आठवड्यापुरती, आजोबांसाठी.

पहिल्या घरातली मुलगी फेब्रुवारीत तीन आठवडे आमच्याकडे येणार आहे. आईने आत्तापासून पुरणपोळीचा घाट घातलाय. मी आईला बजावून ठेवलंय: ती मुलगी 'नको' म्हणाली की भांडं उचलायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

"असं कसं?" आई म्हणते. "एकदा तरी विचारायला नको?"