हे तोहू, वेलिंग्टन: आधी १८३५चा कागद, मग तह

वाइतांगीचा तह, म्हणजे न्यूझीलंडचे माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला १८४०चा करार, बघायचा म्हणून लोक थेट उत्तरेला वाइतांगी गाठतात. सह्या झाल्या ती हिरवळ, झेंड्याचा खांब, तेव्हाचा ब्रिटिश प्रतिनिधी बस्बीचं घर, सगळं तिथे आहे. मूळ कागद तेवढे नाहीत. ते वेलिंग्टनला मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, मे २०१७पासून ‘हे तोहू’ या कायम प्रदर्शनात. (नावातलं ‘हे’ मराठी नव्हे; माओरीत ‘हे तोहू’ म्हणजे खुणा.) प्रवेश फुकट, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. रविवारी बंद असतं. बाकी दिवसांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. शाळांच्या सहली येतात, त्यामुळे निवांत बघायचं तर शनिवार बरा.

कागद रिमू लाकडाच्या एका खोलीत ठेवलेत. आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. शाई आणि चामडं उजेडाने खराब होतं म्हणून प्रकाश मुद्दाम मंद ठेवलाय. पाच मिनिटं नुसतं उभं राहावं, डोळे सरावतात. घाईत असलेले नेमके तेवढ्यात बाहेर पडतात आणि ‘जुने कागद आहेत’ एवढंच सांगतात.

बघण्याचा क्रमही महत्त्वाचा. पावलं आपसूक तहाकडे वळतात, पण आधी ‘हे फाकापुतांगा’ बघा: २८ ऑक्टोबर १८३५चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यावर त्या दिवशी ३४ सरदारांनी, म्हणजे रांगातिरांनी, सह्या केल्या. १८३९पर्यंत त्या ५२ झाल्या. त्यात स्वातंत्र्यासाठी ‘रांगातिरातांगा’ आणि सार्वभौम सत्तेसाठी ‘किंगितांगा’ व ‘माना’ असे शब्द आहेत. माओरी भाषांतर मिशनरी हेन्री विल्यम्सचं. हे तीन शब्द डोक्यात ठेवून मग तहाकडे जा. तहाचं भाषांतरही विल्यम्सनेच, मुलगा एडवर्डला हाताशी घेऊन, ४ फेब्रुवारी १८४०च्या रात्री केलं. इंग्रजीतल्या पहिल्या कलमात सरदार सार्वभौमत्व सोडून देतात. माओरीत तिथे ‘माना’ नाही, ‘कावानातांगा’ आहे. ‘कावाना’ हा ‘गव्हर्नर’चाच माओरी उच्चार, म्हणजे दिला तो फक्त कारभार. दुसऱ्या कलमात इंग्रजी म्हणतं जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा ताब्यात राहतील. माओरी मजकूर ‘तिनो रांगातिरातांगा’चं वचन देतो, म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या शब्दाने स्वातंत्र्य जाहीर केलं तोच शब्द. पावणेदोनशेहून अधिक वर्षं चाललेल्या वादाचं मूळ एका खोलीत, काही पावलांच्या अंतरावर दिसतं. त्यासाठी दोन्ही मजकुरांच्या छापील प्रती सोबत न्या. मूळ हस्ताक्षर मंद उजेडात लागत नाही.

तह एका कागदावर नाही, नऊ पत्रकांवर आहे. त्यातली दोन चामड्याची, बाकी कागदी. सह्या पाचशेहून अधिक, त्यातल्या इंग्रजी मजकुराखाली फक्त ३९. म्हणून ‘माओरींनी इंग्रजी तहावर सही केली’ हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत चूक ठरतं. वाइतांगीच्या मोठ्या पत्रकाला भोकं पडलीत: बराच काळ तळघरात पडून असताना उंदरांनी आणि ओलीने केलेली, १९०८मध्ये सापडलं तेव्हाची. १८७७ साली हुबेहूब प्रती छापून ठेवल्या होत्या, म्हणून हरवलेली नावं तरी कळतात. सह्यांकडे वाकून बघा. काही नावं आहेत, काही नुसत्या फुल्या, आणि काहींनी चेहऱ्यावरच्या मोकोचा, म्हणजे गोंदणाचा, एखादा वळसा काढलाय. वाइतांगीत पहिली सही होने हेके या सरदाराची. पुढे ब्रिटिश झेंड्याचा खांब पुन्हा पुन्हा तोडणारा तोच. मराठीत तह म्हटला की आधी लढाई आणि मग वाटाघाटी आठवतात. इथे तह आधी झाला, युद्धं नंतर.

तिसरा दस्तऐवज १८९३च्या स्त्री-मताधिकार अर्जाचा, सुमारे २४ हजार सह्यांचा. तो वेगळाच विषय आहे, त्यासाठी जमलं तर दुसरी फेरी करा.

उणीव म्हणाल तर इथे कागद मुख्य. पुढचा व्याप थोडा आधी वाचून गेलेलं बरं. १९७५चं वाइतांगी न्यायाधिकरण आधी तहभंगाच्या फक्त नव्या तक्रारी ऐकायचं, १९८५मध्ये त्याला १८४०पासूनचे दावे ऐकण्याचा अधिकार मिळाला आणि मग वाइकातो-ताइनुई (१९९५) व न्गाई ताहू (१९९८) या माओरी जमातींना प्रत्येकी १७ कोटी डॉलरची भरपाई झाली. वेलिंग्टनच्याच ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयातही तहाचं दालन आहे, पण २०२४पासून परदेशी प्रौढांना तिथे ३५ डॉलर लागतात. पैसे वाचवायचे असतील तर ‘हे तोहू’च निवडा.

बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे संसद आहे. तहाची तत्त्वं नव्याने ठरवू पाहणारं विधेयक १० एप्रिल २०२५ला तिथेच ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.