स्कॉटलंड वेगळं झालं तर खिशात काय, जुना पाउंड की नवा?

ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, या २०१४च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात ५५ टक्के लोक नाही म्हणाले, त्यात चलनाच्या गोंधळाचा वाटा होताच असं मला वाटतं. स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर सॅलमंड म्हणत होते पाउंड आपलाही आहे, लंडनशी करार करून वापरू, पण ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऑसबॉर्न यांनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं की असा करार होणार नाही, मग टीव्हीवरच्या डिबेटमध्ये 'नाही' बाजूचे नेते डार्लिंग प्लॅन बी काय, प्लॅन बी काय करत मागेच लागले.

करार नसला तरी पाउंड वापरता येतोच, पनामा देश अमेरिकेचा डॉलर वापरतो तसा. पगार, पेन्शन, घराचं लोन सगळं आहे त्याच चलनात राहतं, सामान्य माणसाला हेच हवं असतं. पण व्याजदर बँक ऑफ इंग्लंड ठरवणार आणि तिथे तुमचं मत शून्य, उद्या एडिनबराची एखादी मोठी बँक बुडायला लागली तर नोटा छापून वाचवणार कोण? २००८ला आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) लंडनच्या पैशानेच वाचली ना.

स्वतःचं चलन घेतलं तर सेंट्रल बँक आपली, मंदीत चलन थोडं घसरू देता येतं. पण लोन पाउंडात आणि पगार नव्या चलनात झाला तर हप्ता झेपायचा नाही, शिवाय परकीय चलनाची गंगाजळी उभी करायची ती वेगळीच. आयर्लंडने १९२८ला स्वतःचा पाउंड काढला खरा, पण १९७९पर्यंत तो ब्रिटिश पाउंडाला एकास एक बांधलेलाच होता. मला तोच रस्ता बरा वाटतो, फक्त नवं चलन कधी आणणार ती तारीख आधी सांगा बाबा, स्वातंत्र्यवादी पक्ष एसएनपीचं ते "परिस्थिती योग्य झाली की" ऐकून कोण मत देणार!