थम्ब कंपास गोव्यात: पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा वापर

डाव्या अंगठ्यात अडकवायचा, नकाशावर चिकटून बसणारा, अंशांचे आकडे नसलेला साधा थम्ब कंपास. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, बहुतेक वेळ सत्तरी आणि डिचोलीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवर, वापरलेला. तास-दीड तासाच्या स्थानिक ओरिएंटिअरिंगला (नकाशा आणि कंपासवर रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधत धावण्याचा खेळ) हा पट्टीवाल्या, म्हणजे सपाट पारदर्शक पट्टीवर बसवलेल्या, कंपासपेक्षा सरस आहे. मात्र विकत घेताना सुईचा तोल पाहिलाच पाहिजे, आणि दुकानात नेमकं तेच कोणी सांगत नाही.

पृथ्वीच्या चुंबकीय रेषा स्वीडन-फिनलंडकडे सत्तर अंशांहून जास्त कलून जमिनीत शिरतात, गोव्यात हा कल वीस अंशांच्या आसपास. चुंबकीय विषुववृत्त, जिथे हा कल शून्य असतो, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंब्याचं रॉकेट केंद्र 1963 मध्ये तिथे सुरू झालं ते याच कारणाने. उत्तर युरोपासाठी बनवलेल्या सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जाऊ नये म्हणून तिची दक्षिण बाजू जड ठेवलेली असते. तीच सुई इथे आणली की खाली ओढ कमी पडते, दक्षिण टोक बुडतं आणि कुपीच्या, म्हणजे सुई ज्या द्रवभरल्या डबीत असते तिच्या, तळाला घासतं. सुई हलते, पण मध्येच अडकते. हा दोष लक्षात येत नाही, कारण अडकलेली सुईसुद्धा ठाम उभी दिसते. परदेशातून मागवलेल्या किंवा कोणाकडून जुन्या घेतलेल्या कंपासात हे बऱ्याचदा होतं.

तपासणी दोन मिनिटांची. कंपास सपाट धरून डोळ्यांच्या रेषेत आडवा बघा. सुई कुपीत समांतर तरंगायला हवी. मग हात न कलवता स्वतःभोवती पाव फेरा घ्या. सुई जागेवर राहायला हवी, कुपी तिच्याभोवती फिरायला हवी. शेवटी कंपास दहा अंश पुढे, मग दहा अंश मागे कलवून हेच पुन्हा करा. एकाच बाजूला कलवल्यावर सुई मोकळी होत असेल तर तोल चुकलेला आहे. जगात कुठल्याही चुंबकीय कलाला चालणाऱ्या सुईचे कंपासही मिळतात. महाग असतात, पण गोव्यात पैसे घालायचेच तर तिथे घालावेत. सुई सेकंदात स्थिरावते की दोन सेकंदांत, हा नंतरचा प्रश्न.

खरी गरज कळते थंडीत. डिसेंबर-जानेवारीत चोर्ला घाटाच्या बाजूला पहाटे धुकं उतरतं आणि सड्यावर पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. नकाशावर समोच्चरेषा 5 मीटरच्या अंतराने असतात, आणि सडा इतका सपाट की अख्ख्या लेगमध्ये, म्हणजे एका झेंड्यापासून पुढच्या झेंड्यापर्यंतच्या टप्प्यात, एखादीच रेषा ओलांडली जाते. करड (वाळलेलं उंच गवत) अजून उभं असल्याने पायवाटाही बुजलेल्या. 300 मीटरच्या लेगवर दिशा 5 अंशांनी चुकली तर माणूस 26 मीटर बाजूला पोचतो, आणि 30 सेंटिमीटरचा नारिंगी-पांढरा झेंडा करवंदीच्या जाळीमागे असला की तो हुकायला तेवढं अंतर पुरतं.

अशा वेळी थम्ब कंपासचा फायदा असा की नकाशा आणि सुई एकाच नजरेत असतात. नकाशा घडी घालून लहान करा, अंगठा आपल्या जागेवर ठेवा, कंपासची कड लेगच्या रेषेला लावा आणि सुई नकाशावरच्या उत्तर रेषांना समांतर येईपर्यंत अख्खं अंग फिरवा. हात फिरवून भागत नाही. या रेषा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, त्यामुळे वजाबाकी-बेरीज काही नाही. झेंड्यावर थेट नेम धरू नका. आधी व्हाळाचा (ओढ्याचा) वाक, चिऱ्यांच्या कुंपणाचा कोपरा अशी ठळक खूण गाठा आणि तिथून शेवटचे 60-80 मीटर पावलं मोजत जा. कुंपणावर पोचायचं असेल तर मुद्दाम थोडं डावीकडे नेम धरावा, म्हणजे पोचल्यावर कोपरा उजवीकडे आहे हे नक्की असतं. धुक्यात चिऱ्यांच्या खाणीकडे मात्र कंपासच्या भरवशावर धावू नये. तिचे काठ उभे कापलेले असतात आणि गवतातून ऐनवेळी दिसतात.

थंडीत घाटमाथ्यावर कुपीत मसुराच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसू लागला. हा बिघाड नव्हे. द्रव आकसतो, उंचीवर हवेचा दाब कमी होतो, खाली उतरून ऊन लागलं की बुडबुडा विरतो. खाली उतरल्यावरही न विरणारा, वाढत जाणारा बुडबुडा म्हणजे कुपी गळते आहे. तिचं मुख्य कारण उष्णता: एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला कंपास एका दुपारीत जाऊ शकतो.

प्लास्टिकचा दुसरा शत्रू कोणी सांगत नाही. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे (गोचिडीमुळे पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडल्याने हिवाळ्यात रानात जाताना गोचीड-डास दूर ठेवणारं मलम लावतातच, आणि लावावंच. त्यात डीट हे कीटक दूर ठेवणारं रसायन असेल तर ते बऱ्याच प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं. मलमाच्या बोटांनी धरलेल्या कंपासचा पृष्ठभाग आधी चिकट, मग धुरकट होतो, छापलेल्या रेषा पुसट होतात. मलम आधी लावा, तळहात आणि बोटं साबणाने धुवा, मगच कंपास हातात घ्या.

पट्ट्याबद्दल तक्रार आहे. वेल्क्रोत कुसळं भरतात आणि दोन-तीन महिन्यांत पकड जाते. जुन्या टूथब्रशने काढली तरी पूर्ण निघत नाहीत. साध्या इलॅस्टिकचा पट्टा असलेला प्रकार इथे बरा. घामाने तो सैल पडतो, पण शिंप्याकडून बदलून घेता येतो.

तांबड्या मातीत लोह आहे म्हणून सुई फिरते, असं इथे फार ऐकू येतं. जांभ्यामुळे असा त्रास जाणवला नाही. सुई ओढली ती फोनमुळे, त्यातही चुंबकी कव्हरच्या फोनमुळे. डाव्या दंडावर फोन बांधून डाव्या अंगठ्यावर कंपास लावणारे बरेच दिसतात. फोन उजव्या बाजूच्या मागच्या खिशात टाका. स्पीकरशेजारी ठेवलेल्या कंपासची सुई उलटी होऊ शकते, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवू लागतं. म्हणून स्पर्धेच्या सकाळी, गाडीपासून दूर जाऊन, उगवत्या सूर्याशी एकदा पडताळून घ्यावा.

कोर्स आखणाऱ्याला हा पुरणार नाही. त्याला अंश मोजावे लागतात, 1:10000 ची मोजपट्टी लागते, झेंड्यांच्या जागा दोन बाजूंनी पडताळाव्या लागतात. त्याने पट्टीवालाच घ्यावा. शाळकरी मुलांनाही सुरुवातीला तोच द्यावा, कारण तो आकार नकाशावर सरळ ठेवायला सोपा आहे. डावखुऱ्यांसाठी उजव्या अंगठ्याचा वेगळा मिळतो. तो मागतानाच तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर डावाच येतो.