बँडकॅम्प : सातासमुद्रापार चालणारे आणि घरच्या गल्लीत अडखळणारे दुकान

गेली आठ वर्षे मी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर गिऱ्हाईक म्हणून जात आहे आणि गेल्या दीड वर्षापासून तेथे आमचाही माल विक्रीला आहे. माल म्हणजे सात तुकड्यांचा एक अल्बम. संबळ, तुणतुणे आणि पहाटेच्या भाजी मंडईत ध्वनिमुद्रित केलेले आवाज यांवर संगणकाने संस्कार करून आम्ही तिघा मित्रांनी तो पुण्यातल्या एका भाड्याच्या खोलीत तयार केला. हे संगीत लग्नाच्या वरातीत वाजणार नाही आणि कोणती मोठी कंपनी त्याची विचारपूस करणार नाही, याची आम्हाला पूर्ण कल्पना होती. प्रश्न एवढाच होता, की ज्या शे-दोनशे माणसांना ते ऐकावेसे वाटेल त्यांच्यापर्यंत ते नेण्याचा आणि त्याचे चार पैसे मिळवण्याचा सरळ मार्ग कोणता. गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहिल्यानंतर या सेवेविषयी जे मत झाले, ते येथे मांडत आहे.

बँडकॅम्प २००८ मध्ये ईथन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुरू केले आणि तेव्हापासून त्याचे स्वरूप मूलतः दुकानाचेच राहिले आहे. कलावंत आपले पान तयार करतो, किंमत स्वतः ठरवतो आणि हवे असल्यास 'इतके किंवा याहून अधिक द्या' अशी मोकळीकही ठेवतो. श्रोता आधी ऐकतो आणि पटले तर विकत घेतो. महिन्याची वर्गणी भरून सारे काही ऐकू देणाऱ्या सेवांशी त्याची तुलना करणाऱ्यांना हा फरक चटकन ध्यानात येत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणावर मानधन मोजलेच जाणार नाही. आमच्यासारख्यांचे सात तुकडे मिळून तो आकडा गाठतील की नाही याची शंका आहे, मग एकेका तुकड्याची गोष्ट दूरच. येथे मात्र एका माणसाने एकदा अल्बम घेतला तरी त्याचे पैसे होतात.

कमिशनचा हिशेब असा, की डिजिटल विक्रीवर कंपनी १५ टक्के घेते, बारा महिन्यांतली विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली तर १० टक्के, आणि ध्वनिमुद्रिका, कॅसेट, टी-शर्ट अशा वस्तूंवर सरसकट १० टक्के. त्याखेरीज पेपॅलसारख्या पैसे वळते करणाऱ्या सेवेचे शुल्क वेगळे. आम्ही अल्बमची किंमत ७ डॉलर ठेवली, म्हणजे एका प्रतीमागे कंपनीचे साधारण १ डॉलर ५ सेंट झाले. हे पैसे वसूल करण्याची रीत मात्र गमतीची आहे. पेपॅलवर थेट विक्री होते तेव्हा प्रत्येक वेळी कापून न घेता कंपनी आपले येणे वहीत मांडत जाते, आणि येणे एखाद्या विक्रीच्या रकमेइतके साठले की ती एक विक्री सबंध स्वतःकडे वळवते. वाण्याकडची उधारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला वेळ लागत नाही. नवख्याला मात्र सातवी-आठवी प्रत विकली गेली आणि पैसे आले नाहीत असे दिसल्यावर धक्का बसतो. तो बसू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अल्बम चढवणे सोपे आहे, पण शिस्तीचे आहे. एमपीथ्री चालत नाही. वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक यांपैकी, म्हणजे ध्वनीची काटछाट न केलेली फाइलच द्यावी लागते, आणि मुखपृष्ठ किमान १,४०० बाय १,४०० पिक्सेलचे लागते. सुरुवातीच्या मोफत खात्यात एका तुकड्याच्या फाइलला २९१ एमबीची मर्यादा आहे. तीन मिनिटांची गाणी करणाऱ्याला तिची जाणीवही होणार नाही, पण आमचा शेवटचा तुकडा २२ मिनिटांचा, तोही २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा, त्यामुळे त्याची वेव्ह फाइल ३८० एमबीपर्यंत गेली. फ्लॅकमध्ये बदलल्यावर ती २३० च्या आसपास आली आणि आवाजातला एक कणही गेला नाही. दीर्घ रागविस्तार किंवा ध्वनिकलेचे सलग प्रयोग करणाऱ्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा. महिना १० डॉलरची 'प्रो' वर्गणी घेतली तर एका वेळी अनेक फाइली चढवणे, स्वतःचा वेब-पत्ता जोडणे, निवडक लोकांनाच खासगीत ऐकवणे अशा सोयी मिळतात. पहिल्या अल्बमला त्यांची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. जपानी लिपीत शीर्षके दिलेल्या अल्बमांचे वेब-पत्ते पाहिले, तर अनेकदा नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आणि एखादा आकडा उरलेला दिसतो. आम्ही देवनागरीचा आग्रह मुखपृष्ठावर आणि मजकुरात पाळला, शीर्षक मात्र रोमन लिपीत लिहिले. ही तडजोड मनाला टोचते, पण फोनवरून कोणाला पत्ता सांगायचा झाला तर रेघा कशा सांगणार?

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता ही सेवा आजही सर्वांत सभ्य वाटते. एकदा पैसे दिले की एमपीथ्रीपासून फ्लॅकपर्यंत हव्या त्या स्वरूपात अल्बम उतरवून घेता येतो आणि फाइल आपल्या संगणकावर आपली म्हणून राहते; वर्गणी थांबली म्हणून कपाट रिकामे होत नाही. घेतलेल्या अल्बमांचे आपले एक जाहीर दालन तयार होते आणि अल्बमच्या पानावर तो घेणाऱ्यांची छोटी चित्रे लागतात, त्यांच्यासोबत आवडत्या तुकड्याचे नाव आणि चार ओळींचा अभिप्रायही देता येतो. विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची ई-मेलने सूचना येते, तिच्यात कोणी घेतले आणि किती दिले हे असते. आमची पहिली प्रत न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांनी घेतली. ७ डॉलरच्या जागी त्यांनी १२ दिले आणि लिहिले, की तिसऱ्या तुकड्यात मागे जो माणूस 'पालक दहाला दोन' म्हणतो आहे, त्याच्यासाठी हे वरचे पाच आहेत. कोणत्याही आकडेवारीच्या तक्त्यात हे दिसले नसते. त्या पालकवाल्याला आम्ही नंतर शोधले, तो काही सापडला नाही.

आता अडचणीकडे येतो, आणि मराठी कलावंताच्या दृष्टीने खरी अडचण हीच आहे. आमच्यापर्यंत पैसे पोहोचण्याचा मार्ग पेपॅलचा, आणि पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. परदेशातून येणारे पैसे तेवढे स्वीकारता येतात. म्हणजे बर्लिनमधला अनोळखी माणूस आमचा अल्बम एका मिनिटात घेऊ शकतो, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांची इच्छा असूनही त्यांच्यापुढे हा रस्ता बंद असतो. यूपीआयने पैसे देण्याची सोय नाही. ज्या देशात चहाच्या टपरीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो, तेथल्या श्रोत्याला ही गोष्ट पटवून देणे फार जड जाते. त्याला वाटते, हा टाळाटाळ करतो आहे. परदेशी कलावंताचे संगीत मी इतकी वर्षे विनासायास विकत घेत आलो, म्हणूनच हा उलटा अनुभव मला विक्रीला बसेपर्यंत आला नव्हता. परदेशातून आलेले पैसे बाकी सुरळीत मिळतात. पॅन आणि बँकखात्याची जोडणी करून, पैसे कशासाठी येत आहेत त्याचा संकेतांक एकदा निवडून ठेवला, की रक्कम आपोआप बँकेत जमा होत राहते.

या अडचणीवरचा तोडगा त्याच सेवेत दडलेला आहे आणि तो फारसे कोणी वापरत नाही. विक्रेत्याला आपल्या अल्बमसाठी 'डाउनलोड कोड' काढता येतात, आणि असा प्रत्येक कोड एकदाच चालतो. महिन्याला २०० मोफत डाउनलोडांचा कोटाही मिळतो, त्यामुळे छोट्या कार्यक्रमाचे काम बिनखर्चाने भागते. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे कार्ड छापायचे, मागे कोड घालायचा, कार्यक्रमानंतर दाराशी टेबल लावून यूपीआयने किंवा रोख पैसे घ्यायचे आणि कार्ड हातात द्यायचे. श्रोता घरी जाऊन कोड टाकतो आणि अल्बम त्याचा होतो. कोड टाकण्याच्या पानाचा पत्ता 'बँडकॅम्प डॉट कॉम' आणि पुढे तिरकी रेघ देऊन 'यम' असा आहे. इंग्रजीत तो चविष्ट पदार्थासाठीचा उद्गार आहे. आमच्याकडे मात्र प्रत्येक टेबलावर कोणीतरी विचारतेच, की अल्बम घ्यायला यमाकडे कशाला जायचे?

पहिल्या खेपेला यमाने खरोखरच गाठले. एका छापखान्याला मी १०० वेगवेगळ्या कोडांची यादी दिली होती, आणि त्याने यादीतला पहिला कोड घेऊन त्याचीच १०० सुबक कार्डे छापून दिली. गठ्ठ्यावरचे एकच कार्ड पाहून मी समाधानाने घरी आलो. कार्यक्रमात ३४ कार्डे गेली. पहिल्या श्रोत्याचा कोड चालला आणि उरलेल्या ३३ जणांना तो आधीच वापरला गेल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा क्रमांक शोधून व्हॉट्सॲपवर नवा कोड पाठवण्यात माझा रविवार गेला. दोष छापखान्याचा खरा, पण कार्डे न तपासण्याचा गाढवपणा माझा.

'बँडकॅम्प फ्रायडे'चे नाव आधीच गाजलेले आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. साथीच्या काळात २० मार्च २०२० रोजी कंपनीने एक दिवस आपला वाटा सोडला, त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली, आणि तेव्हापासून वर्षातले काही शुक्रवार याच प्रकारे पाळले जातात. ही वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्रीपासून मोजली जाते. आपल्याकडे ती ऋतूनुसार शुक्रवारी दुपारी साडेबारा किंवा दीडला सुरू होते आणि शनिवारी त्याच वेळेला संपते. आपल्या ओळखीतल्या लोकांना शुक्रवारी सकाळी दहाला 'आजच घ्या' असे कळवले, तर उत्साही माणसे तासाभरात घेऊन मोकळी होतात आणि कंपनीचा वाटा जातो तो जातोच. त्या दिवशी इतके नवे अल्बम एकदम येतात, की अनोळखी कलावंत त्या गर्दीत हरवतो, असेही मला वाटते. ज्याचे श्रोते आधीच ठरलेले आहेत त्यालाच त्याचा खरा लाभ.

हे दुकान स्वतः गिऱ्हाईक आणून देत नाही, किंवा फारच थोडे आणते. प्रकारांची लेबले लावता येतात, २०१६ पासून कंपनीचे स्वतःचे नियतकालिक 'बँडकॅम्प डेली' चालते आणि त्यात जगभरच्या कानाकोपऱ्यांतल्या संगीतावर मनापासून लिहिलेले लेख येतात, पण तेथे नाव येण्याच्या आशेवर कोणी बसू नये. आमच्या विक्रीतला मोठा भाग ज्यांनी कार्यक्रमात ऐकले, ज्यांना आम्ही पत्र लिहिले किंवा ज्यांना कोणा नातेवाइकाने दुवा पाठवला अशांचाच आहे. घेणाऱ्याने संमती दिली तर त्याचा ई-मेल पत्ता विक्रेत्याला मिळतो, आणि हा पत्ता मला ७ डॉलरपेक्षा मोलाचा वाटतो.

मालकीचा प्रश्न मात्र मनात राहतो. २०२२ च्या मार्चमध्ये एपिक गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने बँडकॅम्प विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ते साँगट्रेडर या संगीताच्या परवान्यांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीला विकून टाकले. कर्मचाऱ्यांनी त्याच वर्षी संघटना स्थापन केली होती, आणि या व्यवहारात जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. वापरणाऱ्याला पान तसेच दिसत राहिले, कमिशनही वाढले नाही, पण ज्या दुकानाची माणसे एका सपाट्यात कमी होतात त्यावर आपला सगळा संसार मांडू नये. मूळ फाइली, मुखपृष्ठ आणि घेणाऱ्यांची यादी मी दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. २०२६ च्या जानेवारीत कंपनीने पूर्णतः किंवा मोठ्या प्रमाणावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या संगीताला मज्जाव केला, तो निर्णय मला आवडला. संगणकाने संस्कार करणे आणि संगणकाकडूनच करवून घेणे यांतला फरक कोण आणि कसा तपासणार, हा प्रश्न आमच्यासारख्यांना अर्थातच पडतो.

ज्याचे श्रोते पुण्या-मुंबईतच आहेत आणि ज्याला कार्यक्रम करायचे नाहीत, त्याने केवळ बँडकॅम्पवर भिस्त ठेवू नये. ज्याचे चार श्रोते टोरांटोत, दोन सिडनीत आणि बाकीचे आपल्या कार्यक्रमाला येणारे आहेत, त्याच्यासाठी याहून बरे दुकान माझ्या पाहण्यात नाही. आमचा दुसरा अल्बम तयार होत आला आहे आणि तोही येथेच ठेवणार आहे. कार्डे या खेपेला १५० छापायची आहेत, आणि गठ्ठा उचलण्यापूर्वी छापखान्याच्या काउंटरवरच निदान दहा कार्डे उलटी करून त्यांवरचे कोड यादीशी ताडून पाहणार आहे.